डाइमलरचा खरा ट्रक कोणता: 1896चा की 1898चा?

लोखंडी_चाक: जर्मन अभियंता गॉटलिब डाइमलरच्या 1896च्या गाडीला जगातला पहिला ट्रक म्हणतात. माझ्या मते ती इंजिन बसवलेली घोडागाडीच होती. 1,500 किलो माल, मागे दोन सिलिंडरचं, 4 अश्वशक्तीचं फिनिक्स इंजिन आणि साखळीने वळणारा पुढचा आस. इंजिनही मागे, मालही मागे. चढावर पुढची चाकं हलकी पडून गाडी वळायला कुरकुरणारच. त्यात इंजिनाची ताकद चाकांकडे पट्ट्याने जायची. पट्टा ओला झाला की घसरतो, ताणला की सैल पडतो. 1898मध्ये इंजिन आधी चालकाच्या सीटखाली आणि मग थेट पुढच्या आसाच्या पुढे गेलं, पट्टा जाऊन गिअर आले, क्षमता 5 टनांवर पोचली. ट्रक सुरू झाला तो तिथून.

पिनियन: मांडणीबद्दल मान्य, पण जरा चाकाकडे बघा. पट्टा ज्या आडव्या शाफ्टला फिरवायचा, त्याच्या दोन्ही टोकांना छोटे पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाकं, होते. ते चाकाला पक्क्या बसवलेल्या, आतून दाते असलेल्या कड्यात फिरायचे. म्हणजे वेग शेवटी, अगदी चाकापाशी कमी केला. हे प्रमाण 5:1 धरलं, तर चाकाला मिळणाऱ्या टॉर्कचा (फिरवणाऱ्या जोराचा) पाचवा हिस्साच शाफ्टवर येतो. शाफ्ट हलका चालतो, पट्ट्यावरचा ताणही कमी होतो. आज खाणीतल्या टिपरला हब रिडक्शन, म्हणजे चाकाच्या तुंब्यातच वेग कमी करणारे गिअर, देतात ते याच कारणाने. दोन वर्षांनंतरच्या गाडीत नवं आलं ते इंजिनाच्या बाजूला. हे मूळ 1896चंच.

आणि पट्टा तिथे उगाच नव्हता. लोखंडी धावांचे हादरे लागू नयेत म्हणून इंजिन कॉइल स्प्रिंगवर ठेवलं होतं. असं हलतं इंजिन थेट दात्यांनी जोडलं तर दाते एका कडेने लागतात आणि तुटतात. पट्टा तेवढं हलणं सोसतो.

लोखंडी_चाक: कल्पना उत्तम, हे मान्य. पण कडं उघडं असलं की धूळ-चिखल ग्रीसमध्ये कालवला जातो आणि तेच मिश्रण दाते घासत बसतं. कागदावर हे दिसत नाही, रोजच्या मालवाहतुकीत दिसतं. म्हणूनच डाइमलरने 1898ची नवी गाडी जर्मनीतल्या हायडेनहाइमच्या वीटभट्टीवर काही महिने राबवली आणि एकेक दोष काढला. मालवाहू गाडी विकण्याआधी गिऱ्हाइकाच्याच कामावर घासून घ्यायची, ही शिस्त मला कुठल्याही एका गिअरपेक्षा मोठी वाटते.

कार्ब्युरेटर: दोघेही डाइमलरचा सहकारी विल्हेल्म माइबाखला विसरलात! फिनिक्स इंजिन आणि त्याचा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर (इंधन हवेत मिसळणारा भाग) हे माइबाखचं काम. शिवाय प्रज्वलनाचं, म्हणजे इंजिनात इंधन पेटवण्याचं, कुणी बोलतच नाही. सुरुवातीला बर्नरने तापवलेली नळी असायची. तिच्यात इंधन पेटण्याची वेळ पुढे-मागे करता येत नाही, म्हणून इंजिन जवळपास एकाच वेगात चालतं आणि गाडीचा वेग बदलायला सगळी भिस्त गिअरवर. वर मालगाडीत उघडा बर्नर! पुढे विजेची ठिणगी पाडणारा बॉशचा मॅग्नेटो आला तेव्हा कुठे हा धोका गेला.

पिनियन: माइबाखचा वाटा निर्विवाद. पण इंजिन बोटीला, पंपाला, कशालाही चालतं. दीड टन माल ओढायला चाकापाशी काय हवं, हा प्रश्न 1896मध्येच सुटला होता, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे.