एमएम ५४०: बटन दाबलं की रिले वाजते पण हीटर तापत नाही, काऊन?

वरुडचा_जीपवाला:
राम राम मंडळी. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप हाय, १९९२ चं मॉडेल, प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन. आठ दिवसांपासून थंडी बम पडून राहिली अन् संत्रा तोडीचे मजूर आणायले पहाटे पाचले निघा लागते, तर गाडी उठूनच नाही राहिली. सेल्फ मस्त फिरते, पांढरा धूर येते, पण पकडत नाही, शेवटी उतारावरून ढकला लागते. मागच्या महिन्यात एका वायरमनकडून हीटरची (म्हणजे थंडीत स्टार्टिंगले सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लग) रिले (बटनावरून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलवली तेव्हापासूनच हे नाटक. बटन दाबलं की टक् वाजते म्हणून मी समजलो रिले ठीक हाय. एक गंमत, नुसती चावी फिरवली की अँपिअरचा काटा पार मायनसकडे (म्हणजे बॅटरीतून करंट जाते) पडते अन् बटन दाबलं की जाग्यावर येते. चावीबी हाताले गरम लागते.

कापूस_तूर_डिझेल:
बोळा पेटवून एअर फिल्टरपाशी धरा, नाहीतर इथरचा स्प्रे मारा. एका सेल्फमध्ये उठते.

जुना_फिटर:
बोळ्यानं आमच्या गावात एकाची वायरिंग जळाली हाय, ते राहू द्या. अन् हीटर गरम असताना इथर तर मारूच नका, वेळेच्या आधीच पेट घेते, पिस्टन जाते.
भाऊ, काट्यातच तुमचं उत्तर हाय. रिले पाच पिनची टाकली असंन. मधल्या पिनवर ८७ए लिहिलं असलं तर ती रिले बंद असताना ३० ले (करंट आत येते ती पिन) जोडलेली राहते, बटन दाबलं की सुटते. म्हणजे तुम्ही दिवसभर हीटर लावून गाडी चालवून राहिले अन् ऐन स्टार्टिंगले ते बंद करून राहिले. हीटरची वायर ८७ वर (बटन दाबल्यावरच ३० ले जोडते ती पिन) घ्या. (काही पाच पिनवाल्यात मधलीबी साधी ८७ च असते, छापलेलं वाचून घ्या.) चावी गरम म्हणजे ३० ले करंट चावीवरून देल्ला, तो सरळ बॅटरीवरून जाड वायर अन् मोठा फ्यूज टाकून घ्या. रिलेच्या कॉइलच्या दोन पिना, ८६ बटनाले, ८५ अर्थ. चार हीटर मिळून ४०-५० अँपिअर सहज ओढते, हॉर्नची ३० अँपिअरवाली रिले टिकत नाही, ७० ची घ्या.
हीटरबी चेक करा, इतके दिवस तापून एखादा तरी गेला असंन. चारही हीटरले जोडणारी वरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसले, दुसरं हीटरच्या टोकाले. लॅम्प लागला तर हीटर जिवंत.

वरुडचा_जीपवाला:
दादा, मधल्याच पिनवर होती! दोन हीटर मेलेले निघाले. चारही नवे टाकले, ७० ची रिले बसवली. आज १५ सेकंद बटन धरलं अन् दुसऱ्या सेल्फले उठली. पण आता बटन दाबल्यावर काटा हालतच नाही, पुन्हा काही चुकलं का?

जुना_फिटर:
नाही, करंट आता अँपिअर मीटरच्या बाहेरून जाते ना. बटन दाबून टेस्ट लॅम्पचं एक टोक हीटरच्या पट्टीवर अन् दुसरं आता अर्थले लावून पाहा, लागला की झालं.