‘केस गेज’ला ‘आवरण-मापक’ म्हणावे का?

कोथरूडकर: रायफल नेमबाजीवरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. रीलोडिंगच्या, म्हणजे वापरलेली रिकामी आवरणं पुन्हा भरण्याच्या, प्रकरणात ‘केस गेज’साठी (आवरण मापात आहे का हे तपासायचं साधन) ‘काडतूस-आवरण-मापक’ लिहिलं आहे. ‘रीसाइझ्ड ब्रास’साठी ‘पुनराकारित पितळ’. जाणकारांनी मत द्यावं.

खडकीकर: ‘आवरण’ नको. वर्तमानपत्रं आणि पंचनामे वर्षानुवर्षं ‘रिकामी पुंगळी’ लिहितात, तोच शब्द घ्या. ‘जिवंत काडतूस’ म्हणजे अख्खा नग: पुंगळी, प्रायमर (बुडाशी ठिणगी देणारी टोपी), दारू आणि गोळी. बोलताना अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात, पण पुस्तिकेत हा फरक पाळाच. खडकीत दारुगोळ्याचा कारखाना 1869 पासून आहे. इथल्या घरांत हे शब्द नवे नाहीत. भागांची नावंही साधी ठेवा: तोंड, मान, खांदा, अंग, बूड.

भोसरीकर: ‘मापक’ तर अर्थानेच चुकतं. मापक आकडा देतं: व्हर्नियर, मायक्रोमीटर. गेज आकडा देत नाही, नग हद्दीत आहे की बाहेर एवढंच सांगतं. आमच्याकडे भोकाचं माप तपासायला प्लग गेज लावताना ‘गो जातंय, नो-गो जात नाही’ म्हणतात, केस गेज त्याच कुळातलं. ‘गेज’ तसाच ठेवा. आणि ‘पुनराकारित’ कोणी म्हणत नाही. ‘डायमधून काढून मापात आणलेली पुंगळी’ लिहा. डाय म्हणजे पुंगळी दाबून आकारात आणणारा साचा.

कोथरूडकर: वापराचं वाक्य कसं लिहावं? मूळात ‘ड्रॉप इन’ आहे.

भोसरीकर: ‘पुंगळी मान पुढे करून अलगद सोडावी, दाबू नये.’ गेज म्हणजे पोलादी नळी, आतून खांद्याच्या उताराची. बुडाकडच्या टोकाला दोन पायऱ्या असतात. बूड त्यांच्या दरम्यान आलं पाहिजे. डोळ्यांवर विसंबू नका, पट्टीची सरळ कड आडवी फिरवा. बूड वरच्या पायरीच्याही वर राहिलं, तर खांदा पुरेसा मागे गेलेला नाही आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मिटायला त्रास देईल. खालच्या पायरीखाली गेलं, तर खांदा जास्त ढकलला गेलाय. तशी पुंगळी बार उडताना लांबते, बुडाच्या थोडं वर भिंत पातळ होते आणि पुढच्या एखाद्या फेरीत तिथेच तुटते. बाहेरून तिथे चकचकीत वळं दिसतं. आतून तार वाकवून फिरवली की खाच लागते.

दुसऱ्या टोकाला तोंड बघायचं. .308 विंचेस्टर काडतुसाची पुंगळी जास्तीत जास्त 2.015 इंच, कापायची ती 2.005 वर. ही लांबी मापात आणल्यावरच तपासायची, कारण डायमधून जाताना पितळ मानेकडे सरकतं.

खडकीकर: एक भर. बूड वर दिसलं की लगेच डाय फिरवू नये. आधी वंगण पुसा, ते खांद्यावर साचलं तर पुंगळी आत बसत नाही. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उठवली असेल तरीही बूड उगाच वर दिसतं.

भोसरीकर: बरोबर. आणि डाय फिरवायची ती अगदी थोडी. नेहमीच्या डायला 7/8 इंचाचे, इंचाला 14 आटे असतात. पूर्ण फेऱ्याला 1.8 मिमी सरकते. .308 च्या खांद्याच्या मापाला सगळी मिळून 7 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.18 मिमी सूट. सोळावा भाग फेरा फिरवला तरी 0.11 मिमी गेले!

कोथरूडकर: मग ‘गेजमध्ये बसली म्हणजे चेंबरमध्ये (रायफलमधल्या काडतुसाच्या खोबणीत) बसेल’ असं लिहू का?

भोसरीकर: नका लिहू. पायऱ्यांची बरीच गेज अंगाला मुद्दाम सैल असतात. ती खांदा आणि लांबी तपासतात, अंगाची जाडी नाही. बुडाजवळ फुगलेली पुंगळी त्यातून पास होते. त्यासाठी चेंबरच्या पूर्ण आकाराचं वेगळं गेज लागतं. पुस्तिकेत दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचक फसेल. पहिल्याला ‘खांदा-लांबी गेज’, दुसऱ्याला ‘चेंबर गेज’ करा.

खडकीकर: .303 काडतुसाचं वेगळं सांगा. तिच्या पुंगळीचं बूड कंगोऱ्याचं, चेंबरमध्ये ती कंगोऱ्यावर टेकते. तिथे .308 सारखं ‘खांद्यावर टेकते’ हे वाक्य तसंच गेलं तर चूक होईल. आणि पहिल्याच पानावर ठळक घाला: 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.