सेगा लिंडबर्गचा डबा मिळालाय, घरच्या पीसीवर चालंल काय?

शहापूर_बॉय:
नमस्कार मंडळी. मामानं गोव्यातल्या एका बंद पडलेल्या गेमझोनमधनं भंगाराच्या भावात दोन बंदुकांचं मशीन उचलून आणलंय, हाऊस ऑफ द डेड ४ (झॉम्बींना गोळ्या घालायचा गेम). स्क्रीन गेलाय, खरं आतला कॉम्प्युटरचा डबा शाबूत आहे, त्याच्यावर सेगा लिंडबर्ग असं लिहिलंय. चालू केलो तर फॅन फिरतोय आणि हार्डडिस्कमधनं टक... टक... आवाज, तीनदा चालू करून बघितलो. घरात जुना आय-थ्री पीसी आहे ८ जीबी रॅमवाला, त्याच्यावर मेम (जुन्या गेम मशीनची नक्कल करून गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलो तर गेमचं नाव यादीत दिसतंय खरं लाल पडद्यावर 'हे मशीन चालत नाही' अशा अर्थाचं इंग्रजीत येतंय आणि खेळ खल्लास. लहानपणी खडेबाजारात रुपया टाकून मुस्तफा (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स ओ) खेळलोय, ते मेमवर फस्क्लास पळतंय, मग हे का चालंना? मुस्तफा १९९३ चा, हा २००५ चा, एवढा फरक पडतोय काय?

उद्यमबाग_वायरमन:
पहिला तो डबा बंद ठेव गा! चौथ्यांदा चालू करू नको. टक टक म्हणजे डिस्कचं हेड (डेटा वाचणारं टोक) मरायला लागलंय, दर वेळी करंट दिलास की थोडं थोडं जातंय. खेळायचं मागनं बघू, आधी डिस्क कॉपी कर. डिस्क काढ, दुसऱ्या पीसीला लाव, लिनक्सचा पेनड्राईव्ह घालून चालू कर आणि डीडीरेस्क्यू (मरायला लागलेल्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम) वापर, साधं कॉपी-पेस्ट नको. मॅप फाईल द्यायला मात्र विसरू नको, त्याच्यात कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला हे लिहून राहतंय, आपल्याकडं लाईट कवा जाईल सांगता येत नाही, लाईट आली की तीच कमांड परत दिलास की थांबलं तिथनंच पुढं चालू होतंय. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून चांगला भाग ओढून घे, हट्टानं वाचायची फेरी शेवटाला. आणि कुठली डिस्क 'कडनं' आणि कुठली 'कडे' हे दोनदा वाच, मी एकदा उलटं लिहिलो, पाव्हण्याचे लग्नाचे फोटो गेले, अजून त्याच्या घरात चहा मिळत नाही मला.
त्या डब्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (एक मेमरी कार्ड) पण असतंय, त्याची पण कॉपी काढ.

खानापूरचा_जॉयस्टिक:
मेमचं विचारलास म्हणून सांगतो. मुस्तफाच्या बोर्डावर ६८००० नावाची प्रोसेसर चिप, १०-१२ मेगाहर्ट्झची, तिची हुबेहूब नक्कल करायला आजचा कुठलाही पीसी पुरतोय. लिंडबर्ग म्हणजे सरळ पेंटियम ४, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स, म्हणजे आपल्या घरचाच पीसी की, फक्त डब्यात घातलेला. पेंटियमची एकेक सूचना सॉफ्टवेअरनं उलगडत बसलं तर तुझा आय-थ्रीच काय, मोठा पीसी पण घामाघूम. मेमवाले वेगापेक्षा अचूकपणाला धरून असतात, त्यामुळं यादीत नाव आहे खरं गेम चालत नाही.
म्हणून अशा गेमला लोडर वापरतात, विंडोजवर टेक्नोपॅरट, लिनक्सवर लिंडबर्ग लोडर. हे इम्युलेटर (मेमसारखी दुसऱ्या मशीनची नक्कल करणारे) नव्हेत. गेमचा कोड तुझ्या प्रोसेसरवर थेट पळतोय, लोडर फक्त कॉइन, बटणं, बंदूक आणि लॉकची किल्ली (गेमची चोरी अडवणारा तुकडा) सगळं जाग्यावर आहे असं गेमला खोटं सांगत राहतो. ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे ते सांगितलं नाहीस, आय-थ्रीच्या आतलंच असलं तर जास्त आशा धरू नको.

निपाणी_७७:
कशाला एवढा उपद्व्याप, नेटवर गेमचं तयार पॅक मिळतंय की, डाऊनलोड मार आणि खेळ.

उद्यमबाग_वायरमन:
त्या पॅकमध्ये कोण काय घुसडून ठेवलंय देव जाणे, गेल्या वर्षी असाच पॅक टाकलेला एक पीसी माझ्याकडं आला, विंडोजच नव्यानं घालावी लागली. वर ते बेकायदा ते वेगळंच. स्वतःकडच्या प्रोग्रामची डिस्क मरायच्या आधी कॉपी काढून ठेवायला कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, वाटायला नाही. आणि कॉपी झाली की चेकसम (फाईलवरनं निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून ठेव, नाहीतर दोन वर्षांनी फाईल बिघडली काय हे कसं कळणार?

शहापूर_बॉय:
अपडेट. शनिवारी रात्री लावलो, दोनदा लाईट गेली, मॅप फाईलनं वाचवलं. सोमवारी सकाळी बघतो तर दोन बारके तुकडे सोडून सगळं आलंय. शेवटच्या फेरीत त्यातला एक आला, दुसरा येईना आणि डिस्क आता आवाजच करत नाही. कार्डाची कॉपी पाच मिनिटात झाली.
लोडरवर गेम उघडतोय! खरं बंदुकीला माऊस लावलोय, गोळ्या भरायला बंदूक हलवायची असते तिथं बटण दाबायचं, हातात काहीच आल्यासारखं वाटत नाही. आतलंच ग्राफिक्स आहे, झॉम्बी जास्त आले की अडखळतंय. मामा म्हणतोय बंदुका सोडवून ठेव आणि बाकी सांगाडा रविवारपर्यंत हलव, शेडमध्ये भाताची पोती ठेवायची आहेत. स्क्रीनच्या कडंचे आयआर एलईडी (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड देणारे बारके दिवे) पण सोबत काढून ठेवू काय ओ, का बंदुका नुसत्या चालतात?

खानापूरचा_जॉयस्टिक:
काढ काढ, त्यांच्याशिवाय बंदूक आंधळी. वायरींचे फोटो काढ आधी, कुठला रंग कुठल्या पिनला. रविवारी सकाळी येतो मी स्क्रूड्रायव्हर घेऊन, पत्ता मेसेज कर.