शनिवारी 'डेब्रेक': पहिला भाग गाळायचा का?

बी-७०२: शनिवारी क्लबहाऊसमध्ये 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेचा शेवट, 'डेब्रेक'चे दोन भाग, लावतोय. चौघांचं म्हणणं पडलं की पहिल्या भागात नुसत्या जुन्या आठवणी आहेत, तो सोडून थेट लढाईपासून लावा, दहाच्या आत सगळे घरी. माहितगारांनी सांगा. दुसऱ्या भागात काय होतं ते इथे कुणीही लिहू नका, निम्म्या लोकांनी पाहिलेलं नाही.

सी-११०३: काका, अजिबात गाळू नका. आधी हिशोब सांगतो. 'डेब्रेक' टीव्हीवर तीन तासांच्या जागेत दाखवला गेला. पहिला भाग १३ मार्च २००९ ला एक तास, दुसरा २० मार्चला सलग दोन तास. जाहिराती काढल्या तर पहिला भाग जेमतेम पाऊण तास उरतो. म्हणजे दोन भाग म्हटल्यावर पहिला अर्धा वाटतो खरा, पण तो एक तृतीयांशच आहे. पाऊण तास वाचवायला शेवटाचा पाया काढून टाकायचा, हे मला पटत नाही.

ए-२०४: पण तक्रार खरी आहे ना? मधल्या मधल्या कॅप्रिकाच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या ग्रहावरच्या, दृश्यांचा गोष्टीशी काय संबंध, ते त्या भागात कुठेच सांगत नाहीत.

सी-११०३: सांगत नाहीत, कारण ते मुद्दाम तसं ठेवलंय. लेखक रोनाल्ड मूर शेवट लिहिताना कथानकात अडकले होते. कोण कुठे हल्ला करणार, कुठून आत शिरणार, हे जुळेना. त्यांनी नंतर सांगितलंय की बंद घरात शिरलेल्या पक्ष्याला कुणीतरी हुसकावतंय एवढं एकच चित्र डोक्यात होतं. मग त्यांनी लेखकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून टाकलं की खरी गोष्ट पात्रांची आहे, आणि तिथून शेवट सुटत गेला. ते चित्र पहिल्या भागात जसंच्या तसं आहे. जहाजाचा प्रमुख अडामा, त्याचा मुलगा ली दारू पिऊन घरी येतो, घरात कबूतर शिरलेलं असतं, आणि तो झाडू घेऊन त्याच्या मागे धावतो. त्याच संध्याकाळी तो भावाच्या घरी काराला, पुढे त्याच्यासोबत लढणाऱ्या वैमानिकेला, पहिल्यांदा भेटून आलेला असतो. संवाद जवळजवळ नाहीत. तेव्हा कुणी मोबाईल काढू नका, ते दृश्य पाहा.

डी-४०१ (ताई): राष्ट्राध्यक्ष रोझलिनचा प्रसंग तर पूर्ण मालिकेत पहिल्या तिनात येईल. घरी गरोदर बहिणीचं डोहाळजेवण, हसणंखिदळणं, पाहुणे जातात आणि मग दारात पोलीस. वडील आणि दोन्ही बहिणी एकाच अपघातात गेलेल्या, समोरचा गाडीवाला दारू प्यायलेला. त्यानंतर ती रस्त्याने चालत जाते आणि कारंज्याच्या पाण्यात कपड्यांसकट उतरून उभी राहते. रोझलिन झालेल्या मेरी मॅकडॉनेल रडत नाहीत, ओरडत नाहीत. कॅन्सर, राष्ट्राध्यक्षपद, सगळं या बाईने कशाच्या बळावर पेललं, हे चार सीझन पाहून कळलं नव्हतं ते इथे दोन मिनिटांत कळतं.

ए-२०४: बरं, ते मान्य ताई. पण वर्तमानात काय घडतं? नवीन माणसाला कथा समजायला हवी.

सी-११०३: कथा सरळ आहे. माणसांचे शत्रू म्हणजे सायलॉन, माणसांसारखे दिसणारे यंत्रमानव. त्यांच्यातल्या बूमरने छोट्या हेराला, माणूस आणि सायलॉन यांच्या मुलीला, पळवून सायलॉनांचा म्होरक्या कॅव्हिलच्या ताब्यात दिलंय, ती 'कॉलनी' नावाच्या तळावर आहे. गॅलॅक्टिका हे लढाऊ जहाज मोडकळीला आलंय, रिकामं करून सुटे भाग ताफ्यातल्या बाकी जहाजांना वाटायचं काम चालू आहे. अडामा सामान बांधतोय. मेलेल्यांचे फोटो लावलेल्या स्मृतिभिंतीपाशी त्याला हेराचा फोटो दिसतो आणि तो ठरवतो की जहाज भंगारात घालण्याआधी एक शेवटची मोहीम करायची. जखमी होऊन टाकीत पडलेल्या अँडर्सकडून कॉलनीचा ठावठिकाणा मिळतो, टेहळणीला रॅप्टर हे छोटं यान जातं, आणि फोटो घेऊन बैठक होते. तिथे भाग संपतो.

बी-७०२: जहाज मोडकळीला कशाने आलं? लढाईत?

सी-११०३: लढाया, अणुस्फोटांचे मार, चार वर्षं गोदी नाही. पण शेवटचा दणका बूमरचा. हेराला घेऊन पळताना तिने जहाजाच्या अंगालगत 'उडी' घेतली, म्हणजे यान क्षणात दूरवर नेलं. उडी घेताना आजूबाजूची जागाच पिळवटली जाते, म्हणून एरवी यानं लांब जाऊन उडी घेतात. तिने थांबायला वेळच ठेवला नाही, आणि गॅलॅक्टिकाचा कवचाचा भाग फाटला. त्याआधीच तुळयांना तडे होते. सायलॉनांचं सेंद्रिय राळेसारखं द्रव्य त्यात भरत होते, पण तडे भरण्याच्या वेगापेक्षा पसरण्याचा वेग जास्त. पहिल्या भागात जहाज करकरतं तो आवाज म्हणूनच आहे. संगीत समजू नका.

डी-४०१ (ताई): म्हणूनच शनिवारआधी ज्यांना जमेल त्यांनी 'समवन टू वॉच ओव्हर मी' आणि 'आयलंडेड इन अ स्ट्रीम ऑफ स्टार्स' हे दोन भाग पाहून या, याच क्रमाने. पहिल्यात पळवापळवी, दुसऱ्यात जहाज सोडायचा निर्णय. वेळ नसेल तर दुसरा तरी पाहाच. तो अडामा झालेल्या एडवर्ड जेम्स ओल्मॉसनी स्वतः दिग्दर्शित केलाय.

ई-९०५: कॉलनी कृष्णविवराला लागून दाखवलीय, विवराभोवतीच्या तबकडीत दगडगोटे फिरतायत. तिथे तळ टिकेल का? बैठकीत म्हणतात उडी घेऊन पोचायला एकच जागा आहे. हे पटण्यासारखं आहे का?

ए-१२०१: पटण्यासारखं आहे, पण विवर किती वजनाचं यावर सगळं अवलंबून. धोका दोन गोष्टींचा. एक, स्थिर कक्षा. न फिरणाऱ्या विवराच्या क्षितिजाची, म्हणजे जिथून प्रकाशही सुटत नाही त्या हद्दीची, त्रिज्या दर सूर्याएवढ्या वजनामागे साधारण ३ किमी, आणि तिच्या तिपटीच्या आत स्थिर कक्षा नसते. दुसरा, भरती-ओहोटीचा ताण. जहाजाचं जवळचं टोक जास्त ओढलं जातं, लांबचं कमी. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर दहावा हिस्सा केलं की ताण हजारपट.

आता १० सूर्यांचं विवर घ्या आणि १ किमी लांबीचं जहाज त्याच्याकडे नाक करून उभं करा. १ लाख किमीवर दोन टोकांतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पाव पटीएवढा. धडधाकट जहाजाला चालेल, तडे गेलेल्या गॅलॅक्टिकाला मी नेणार नाही. तेच १० हजार किमीवर न्या, फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या अंदाजे २७० पट. तिथे कुठलीच तुळई टिकत नाही. म्हणजे उडी घेऊन बाहेर पडताना हिशोबात थोडी जरी चूक झाली तरी खेळ खलास.

उलट आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर आहे तसं ४० लाख सूर्यांचं विवर घ्या. क्षितिजाची त्रिज्या १ कोटी २० लाख किमीच्या आसपास, सर्वांत आतली स्थिर कक्षा साडेतीन कोटींवर, आणि तिथे तोच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जेमतेम पाव टक्का. तिथे जहाज मोडायचं नाही. पण तबकडीतला मालमसाला प्रचंड वेगाने फिरतोय, घर्षणाने तापतोय, क्ष-किरण सोडतोय. म्हणून 'यायला एकच वाट' ही कल्पना मला आवडते. किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना कडा आणि एकच दरवाजा, आणि सगळ्या तोफा त्या दरवाजाकडे.

ई-९०५: मग कॅव्हिलने जागा निवडली म्हणायची!

सी-११०३: बरोबर. आणि अडामा माणसं हुकमाने नेत नाही. हँगरच्या जमिनीवर रेघ ओढतो आणि सांगतो, येणारे एका बाजूला, राहणारे दुसऱ्या बाजूला. परत येण्याची शक्यता कमी आहे हे तोंडावर सांगतो. या दृश्यात गर्दीकडे नीट पाहा. कोण आधी हलतं, कोण शेजाऱ्याकडे बघून हलतं. डॉक्टर कॉटल यायला निघतात, तर अडामा त्यांना परत पाठवतो, ताफ्याला डॉक्टर गमावणं परवडणार नाही म्हणून. आणि रोझलिन, उभं राहायची ताकद नसताना, चालत पलीकडे जाते. स्वार्थी शास्त्रज्ञ बाल्टर जागचा हलत नाही. त्याच्या थोडं आधी ली त्याला विचारतो की निःस्वार्थपणे केलेली एक तरी गोष्ट सांग. तो प्रश्न आणि हे न हलणं एकत्र लक्षात ठेवा.

डी-४०१ (ताई): आणि अँडर्स! पूर्वीच्या दृश्यात तो खेळाडू आहे, बर्फाच्या पाण्यात बसून मुलाखत देतोय. चषकाबद्दल विचारतात, तो बोलतो अचूक फेकीबद्दल, त्या एका निर्दोष क्षणाबद्दल. वर्तमानात तोच माणूस टाकीतल्या द्रवात पडलेला, तारा जोडलेल्या, तोंडातून असंबद्ध वाक्यं. दोन पाण्यांची ही जोडी कुणी बोलून दाखवत नाही. पहिला भाग गाळला तर हीच पहिली हातची जाते.

ए-२०४: ठीक, माझा विरोध मागे. आता लावायचं कसं ते सांगा. माझ्याकडे डिस्क आहे.

सी-११०३: दादा, डिस्कवर टीव्हीचे वेगळे भाग आहेत की सलग वाढवलेली आवृत्ती, ते आधी बघा. सलग असेल तर मध्ये नावं येत नाहीत. कॉलनीचे फोटो दाखवतात ती बैठक संपली की थांबवा, तिथे चहा. पुढे एक मिनिटही जाऊ देऊ नका.

प्रोजेक्टरवर तीन गोष्टी बंद करा: हालचाल गुळगुळीत करणारी सोय, चित्रातले दाणे काढणारी सोय, आणि धार वाढवणारी सोय. या मालिकेचं चित्र मुद्दाम दाणेदार आणि अंधारं ठेवलंय. दाणे पुसायला गेलात की चेहरे मेणाचे दिसतात. ब्राइटनेस मात्र थोडा वाढवा, क्लबहाऊसच्या जिन्याकडच्या खिडकीतून दिवा येतो, तिथे जाड चादर लावा.

डी-४०१ (ताई): आवाजही तपासा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि मग एकदम ढोल. मालिकेचे संगीतकार बेअर मॅक्रीरींच्या संगीतात मोठे जपानी ढोल आहेत. मधला स्पीकर दोन पायऱ्या वर, बेस एक पायरी खाली. सबटायटल चालू ठेवा, ज्येष्ठांना सोपं जाईल.

बी-३०२ (आजोबा): सुरुवातीच्या संगीतात गायत्री मंत्र ऐकू येतो असं नातू म्हणाला. खरं का?

डी-४०१ (ताई): खरं आहे आजोबा. शीर्षकसंगीतात तोच आहे, ऋग्वेदातला, तिसऱ्या मंडलातल्या ६२ व्या सूक्ताची १० वी ऋचा. उच्चार आपल्यासारखे नाहीत, पण 'तत्सवितुर्वरेण्यं' स्पष्ट ओळखू येतं. ते शीर्षकसंगीत रिचर्ड गिब्जचं.

बी-३०२ (आजोबा): मग मी पहिल्या मिनिटापासून येतो.

बी-७०२: ठरलं. साडेसहाला पहिला भाग, सव्वासातला चहा, साडेसातला दुसरा. दादा, डिस्क शुक्रवारी संध्याकाळी एकदा लावून बघू, बैठकीच्या दृश्याची वेळ लिहून ठेवतो. सी-११०३, तुम्ही खिडकीची चादर आणा.