पहिली-चौथीला 'नाती' शिकवायची की पाढे?

गोदाकाठची
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका पालकांनी लिहिलं, "भावना ओळखा, नाही म्हणायला शिका, हे तास प्राथमिकला कशाला? संस्कार घरी होतात. शाळेनं पाढे पाठ करून घ्यावेत." खाली अंगठ्यांची रांग. तिथं गप्प बसले, पण राहवत नाही म्हणून इथं लिहिते.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. शिशुवर्गातल्या पोरी, आणि अत्याचार शाळेतच. त्यांनी घरी सांगितलं म्हणून ते उघड झालं. ज्या घरात शरीराच्या अवयवांची नावंच कुणी घेत नाही, तिथली मुलगी काय सांगणार? आणि त्रास देणारा घरातलाच असेल तर ती कुणाकडे जाणार? पुन्हा, हे फक्त स्पर्शापुरतं नाही. 'काळी', 'ढोली', 'बायल्या' म्हणून चिडवणं पहिलीपासूनच सुरू होतं.

सातपूरकर
ताई, कळकळ पोचली. पण माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही. आम्ही दोघं शिफ्टला जातो. शाळेत चित्रकलेला शिक्षक नाही, खेळाचा तास कधीही रद्द होतो, त्यात आणखी एक विषय! मूल्यं परिपाठात सांगतातच की.

गोदाकाठची
परिपाठात सुविचार वाचतात आणि पोरं वर्गात जाऊन एकमेकांना ढकलतात. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आनंदाचा अभ्यासक्रम आणला. त्यात गोष्टी, खेळ, गप्पा होत्या आणि परीक्षा नव्हती.

पेठचा गुरुजी
दिल्लीचं राहू द्या. माझ्याकडे चार वर्ग, आम्ही दोघे शिक्षक. त्यात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये. प्रत्यक्षात काय चालतं ते येऊन बघा. द्राक्षाच्या हंगामात माझी निम्मी पोरं आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडला असतात. परत आलेल्या पोराला 'कसा आहेस' हे मी अभ्यासक्रम नसतानाही विचारतो.

इंदिरानगरचे काका
मूळ दुखणं वेगळंच आहे. गुरुजींच्या हातची छडी गेली आणि आदरही गेला. आम्ही मार खाल्ला, म्हणून माणसात आलो.

गोदाकाठची
काका, त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, २००९ च्या कायद्यापासून. ज्याला मोठी माणसं मारतात तो धाकट्याला मारतो. यात आदर कुठून आला?

इंदिरानगरचे काका
कायदा सांगू नका. मी शिकवण्यात हयात घालवली आहे. माझे विद्यार्थी आजही पाया पडतात.

जेलरोडची आई
पाया पडणारे दिसतात काका, न येणारे दिसत नाहीत. तिसरीत पाढा चुकला म्हणून बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी उभी मारली होती. त्यानंतर मी वर्गात हात वर करणं सोडलं, ते दहावीपर्यंत. गणित येत असूनही. घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, "तुझंच चुकलं असेल."

इंदिरानगरचे काका
एका बाईंवरून सगळ्या शिक्षकांना आरोपी करू नका!

सातपूरकर
काका, माझा पोरगासुद्धा वजाबाकी अडली की विचारत नाही, गप्प बसतो. बाई ओरडतात म्हणतो. आम्हाला वाटलं आळशी आहे. ठीक आहे, घ्या तास. पण आठवड्याला एकच, आणि काय शिकवणार ते आधी पालकांना बोलावून दाखवा. गणिताच्या तासाला हात लावलात तर मी पुन्हा भांडायला येईन.

पेठचा गुरुजी
पालकांना बोलवा, पण त्याआधी शिक्षकांना शिकवा. पोरानं अत्याचाराचं काही सांगितलं तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला वरून सांगितलं, "शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवा." तिनं कळवलं आणि वर्षभर एकटी पडली. मुलांना 'सांगा' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं, हे मला मान्य नाही.

गोदाकाठची
गुरुजी, हे पूर्ण मान्य. २०२२ च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती करायची आहे. सोमवारी शाळेत जाऊन समितीत कोण आहे ते विचारते. सातपूरकर, तुम्हीही विचारा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर वर्गात त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावला आहे का, तेही बघा.

इंदिरानगरचे काका
समिती विचारा, नंबरही लावा. त्याला माझा विरोध नाही. छडीबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.