श्वासावर लक्ष दिलं की धडधड वाढते, मदत हवी आहे

अँग्झायटीसाठी समुपदेशकांकडे अ‍ॅक्ट थेरपी (विचार-भावनांशी न झगडता त्यांना असू द्यायला शिकवणारी उपचारपद्धत) सुरू आहे. 'हा फक्त एक विचार आहे' असं म्हणून विचाराला बाजूने जाऊ देणं बऱ्यापैकी जमतं. अडतं ते शरीरापाशी. शांत बसून लक्ष देण्याच्या सरावात श्वासाकडे लक्ष नेलं की छाती आवळते, धडधड वाढते. ईसीजी आणि थायरॉइड नॉर्मल आहेत, गोळ्या चालू नाहीत. डोळे उघडे ठेवून, वेळ कमी करूनही फरक नाही. तळपायांवर लक्ष ठेवलं तर मात्र त्रास होत नाही. पण ही पळवाटच नाही का? धडधड थांबवायची नाही, असू द्यायची, हे पटतं. तरी हात गुपचूप नाडीकडे जातोच! पुढची भेट लांब आहे. असा अनुभव असलेल्यांनी तळपायांवरच सराव चालू ठेवला, की हळूहळू श्वासाकडे परतलात? परतलात तर सुरुवात नेमकी कशी केलीत?