मदत हवी आहे: एमआरआय निर्दोष, पण वेदना कायम

सप्रेम नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याला नागीण बरी होऊन बरेच महिने लोटले, तरी उजव्या बरगडीवर पदर नुसता घासला की ती कळवळते. मेंदूचा एमआरआय निर्दोष आल्यापासून घरात ‘हे सारे मनाचेच’ असा सूर लागला आहे आणि तो मला पटत नाही.

माझ्या वाचनानुसार साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. त्यात गाठ किंवा रक्तस्राव दिसेल, वेदना दिसणार नाही. फंक्शनल एमआरआय मात्र रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून कोणता भाग सक्रिय आहे याचा अंदाज देतो. 1997 साली संशोधक रेनविल आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनच्या (मेंदूची सक्रियता दाखवणारी आणखी एक तपासणी) आधारे दाखवले की, संमोहनातील सूचनांनी गरम पाण्याच्या चटक्याचा नकोसेपणा वाढवला किंवा घटवला, तर मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील (वेदनेच्या नकोसेपणाशी जोडलेला भाग) सक्रियता त्यानुसार बदलते, स्पर्शसंवेदनेच्या प्राथमिक भागातील मात्र बदलत नाही. तेव्हा मनःस्थितीने वेदना कमी-जास्त होत असली, तरी ती खोटी कशी ठरेल? (हे आमच्या काकांना समजावणे मात्र कठीण!)

जाणकारांनी कृपया सांगावे: एकाच रुग्णाच्या उपचाराची दिशा ठरवण्यासाठी फंक्शनल एमआरआयचा खरोखर उपयोग होतो का, की तो खर्च टाळावा? तसेच नागिणीनंतरच्या नसांच्या वेदनेवर उपचार करणारे वेदनातज्ज्ञ बडोदे किंवा अहमदाबाद येथे कोणाच्या माहितीत आहेत का? आत्याला गुजराती उत्तम येते, त्यामुळे भाषेची अडचण नाही.